आजोबांच्या पत्रांसाठी घेतलेली ॲसिड-फ्री पेटी

जुनी पत्रं आणि फोटो ठेवायचा एक संच मी ऑनलाइन मागवला. त्यात राखाडी जाड पुठ्ठ्याची झाकणाची पेटी, पॉलिस्टरची पारदर्शक पाकिटं, मध्ये घालायचे पातळ पांढरे कागद आणि ओलावा शोषणाऱ्या पुड्या येतात. पुड्या सोडल्या तर सगळं पैसे वसूल आहे.

आधी आत काय ठेवलंय ते सांगते. आजोबा मालवाहू जहाजावर नोकरीला होते. त्यांची एरोग्राम, म्हणजे घडी घालून पाठवायची हवाई टपालाची पत्रं, आजीने एका डब्यात जपून ठेवली होती. त्यातलं एक १९६८ सालचं, रॉटरडॅमहून टाकलेलं. ते लिहितात की कालवा बंद, त्यामुळे आख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून आलो. तुझं पत्र इथे कधीचं येऊन पडलंय, मुलगा झाल्याचं आज कळतंय, नाव काय ठेवलंत? तो मुलगा म्हणजे माझे बाबा. जून १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धात सुएझ कालवा बंद झाला तो थेट जून १९७५ मध्ये उघडला. कालव्याच्या वाटेवरच्या ग्रेट बिटर लेक या तलावात १४ जहाजं अडकून पडली; वाळूचा पिवळा थर बसला म्हणून त्यांना ‘यलो फ्लीट’ म्हणू लागले, आणि तिथल्या खलाशांनी हाताने स्वतःची तिकिटंसुद्धा बनवली. हे सगळं मी आधी वाचलेलं होतं. पण त्याच बंद कालव्यामुळे बाबांच्या जन्माची बातमी आजोबांना इतक्या उशिरा मिळाली, हे त्यांच्या अक्षरात वाचलं आणि अंगावर काटा आला.

या पत्राला लागूनच वर्तमानपत्राचं एक कात्रण ठेवलेलं होतं. एरोग्रामवर बरोबर त्या कात्रणाच्या आकाराचा तपकिरी चौकोन उमटलाय. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यातल्या लिग्निन या लाकडाच्या घटकामुळे तो पिवळा पडतो, त्यातून आम्ल तयार होतं आणि ते शेजारच्या कागदात उतरतं. साधा खोका, स्वस्त फाइल यांचंही तेच. घडीवर कागद इतका ठिसूळ झालाय की ‘नाव काय’ नंतरचं अक्षर सुटायला आलं होतं.

ही पेटी नेमकी यासाठीच आहे. पुठ्ठा लिग्निनमुक्त आहे आणि त्यात कॅल्शियम कार्बोनेट घातलेलं आहे, म्हणजे पुढे तयार होणारं आम्ल तिथेच मारलं जातं. कोपरे गोंदाने न चिकटवता धातूच्या पट्ट्यांनी जोडलेत. पाकिटं मला सगळ्यांत आवडली. दोन बाजूंनी उघडी असल्याने पत्र ओढावं लागत नाही, अलगद ठेवता येतं, आणि दोन्ही बाजू हात न लावता वाचता येतात. आत्याने पहिल्यांदा ते पत्र सलग वाचलं, कारण एरवी उघडायलाच भीती वाटायची. फक्त पॉलिस्टरला स्थिर वीज धरते, म्हणून पेन्सिलने किंवा खडूने काढलेलं काही त्यात घालू नका, रंग उचलला जातो.

तक्रारी आहेत. झाकणाची कड फार उथळ आहे. पेटी झाकणाने उचलली की तळ खाली राहतो. नावाची चिठ्ठी लावायची खाच बाहेरून चिकटवलेली आहे, तिची एक बाजू सुटलीच. आणि पाकिटं सगळी एकाच मापाची असल्याने लहान फोटो आत सरकत राहतात. माहितीपत्रकात तर सगळे फोटो याच पेटीत ठेवा म्हटलंय, ते मला पटत नाही. पुठ्ठ्यातलं कार्बोनेट अल्कली असतं, आणि निळ्या छपाईचे सायनोटाइप फोटो अल्कलीने फिके पडतात, त्यांना कार्बोनेट नसलेला पुठ्ठाच हवा. रेशमी आणि लोकरी कापडाचंही तसंच.

पुड्यांचा उपयोग नाही, कारण त्या ओलावा शोषून भरल्या की तशाच पडून राहतात. त्यापेक्षा पेटी माळ्यावर किंवा बाहेरच्या भिंतीला टेकून न ठेवता आतल्या खोलीतल्या कपाटात ठेवा. आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांच्या आसपास राहिली तर उत्तम. आणि कुणी कितीही सांगितलं तरी पत्रं लॅमिनेट करू नका, ते परत सोडवता येत नाही.

विकत घेताना नुसतं ‘ॲसिड-फ्री’ वाचून थांबू नका. ‘लिग्निन-फ्री’ लिहिलंय का पाहा, आणि फोटोंसाठी असेल तर आयएसओ १८९१६ ही, साहित्याने फोटो खराब होत नाहीत ना हे पाहणारी चाचणी पास आहे का ते विचारा. माझ्या संचावर दोन्ही छापलेलं होतं, म्हणूनच घेतला. दुसऱ्यांदा मात्र पूर्ण संच घेणार नाही. पेटी एक आणि पाकिटं सुटी, दोन मापांची घेईन. आजीचा पासपोर्ट आणि बाबांचे लहानपणचे फोटो अजून त्या जुन्या डब्यातच आहेत.