माझीच गोष्ट मला तिप्पट भावाने विकली

गेल्या वर्षी मी एक जुनं वेब्ली, म्हणजे ब्रिटिश फौजेतलं, रिव्हॉल्व्हर घेतलं आणि 2,300 डॉलरला फसलो. पैसे गेले त्याचं दुःख आहेच, पण माझ्या पणजोबांच्या नावावर मला लुबाडलं याचा संताप अजून उतरलेला नाही. अमेरिकेत राहून, घरातलं कुणीतरी पलटणीत होतं म्हणून त्या काळातल्या वस्तू शोधणारी बरीच मराठी मंडळी मला भेटतात. त्यांच्यासाठी घडलं तसं लिहितो.

पणजोबा सातारा जिल्ह्यातले, 117व्या मराठा पलटणीत शिपाई. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातल्या (आताच्या इराकमधल्या) कूत गावाला तुर्कांनी वेढा घातला, त्यात ते अडकले. 7 डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916, म्हणजे जवळजवळ पाच महिने. धान्य संपत आलं तेव्हा घोडे कापले गेले, आणि आपल्याकडच्या कितीतरी शिपायांनी उपासमार सोसली पण धर्मापायी बरेच आठवडे ते मांस तोंडाला लावलं नाही. पुढे शरणागती, तुर्कांची कैद. पणजोबा जिवंत घरी आले. कैदेबद्दल ते कधी बोलले नाहीत. एकच आठवण सांगायचे: ते एका इंग्रज साहेबाचे ऑर्डर्ली, म्हणजे हाताखालचे शिपाई, होते आणि त्याचं पिस्तूल रोज रात्री तेलाच्या फडक्याने पुसायचे. ते पिस्तूल मधोमध मोडल्यासारखं उघडायचं. माझे आजोबा दोन्ही हात जोडून, मग कट्‌कन वाकवून ते आम्हाला दाखवायचे. वेब्लीच ती. असं एखादं आपल्या हाती असावं, असं मला वयाच्या दहाव्या वर्षापासून वाटत होतं.

नागरिकत्व मिळालं आणि मग मी शोध सुरू केला. दुसऱ्या राज्यातल्या एका माणसाची जाहिरात दिसली: पहिल्या महायुद्धातलं वेब्ली, मार्क सहा हे मॉडेल, 750 डॉलर. त्यात इतिहासाचा एक शब्दही नव्हता. इथे माझी चूक झाली. मी त्याला विचारलं, याचा हिंदुस्थानी फौजेशी काही संबंध आहे का, आणि त्याच भरात कूत, पणजोबा, ऑर्डर्ली, तेलाचं फडकं, सगळं लिहून पाठवलं. पलटणीचं नाव मी ‘117वी मराठा लाइट इन्फंट्री’ असं लिहिलं, आमच्या घरात म्हणतात तसं.

चार दिवसांनी त्याचं उत्तर आलं. खोक्याच्या तळाशी एक जुनं पत्र सापडलं म्हणे. 1919 सालचं, एका अधिकाऱ्याच्या विधवेच्या हातचं. नवरा कूतला होता, त्याचं रिव्हॉल्व्हर इमानी मराठा ऑर्डर्लीने लपवून वाचवलं. पत्राचा फोटो बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. किंमत आता 2,300 झाली होती आणि ‘दुसरं एक गिऱ्हाईक रांगेत आहे’. पोस्टाची मनी ऑर्डर मी दुसऱ्या दिवशी पाठवली.

दोन राज्यांतला असा व्यवहार परवानाधारक दुकानदारामार्फतच होतो. खोका आमच्या गावच्या दुकानात आला. मी फॉर्म भरला, माझी पार्श्वभूमी तपासली गेली, सही करून घरी आणलं. खोका काउंटरवर उघडून नीट पाहायला मला कुणी अडवलं नव्हतं. पण मला घाई झाली होती.

आठवड्याने एका म्हाताऱ्या बंदूक कारागिराकडे घेऊन गेलो. त्याने ते मधोमध उघडलं, सिलिंडरच्या (काडतुसं बसतात त्या फिरत्या भागाच्या) मागच्या कडेवर अंगठा फिरवला आणि माझ्याकडे बघितलं. ती कड तासलेली होती. अशी शेकडो वेब्ली अमेरिकेत आल्यावर तासली गेली, कारण मूळची .455 ची काडतुसं मिळेनात आणि इथली .45 ची सहज मिळत. तासलेल्याची किंमत पडते. आणि बाजारातलं पूर्ण ताकदीचं .45 त्यात भरू नये, त्याचा दाब या जुन्या पोलादासाठी जास्त आहे. विकणाऱ्याने हे सांगितलं नव्हतं. त्याने फोटोही सगळे बंद रिव्हॉल्व्हरचे, बाजूने काढलेले दिले होते.

मग कारागिराने विचारलं, साल कुठे आहे? वेब्लीने बनवलेल्या मार्क सहावर साल ठोकलेलं असतं. माझ्यावर ती जागा चोळून गुळगुळीत केलेली होती. पहिल्या जाहिरातीचे फोटो माझ्या फोनमध्ये होते. मोठे करून पाहिले. 1918. कूत पडल्यानंतर दोन वर्षांनी कारखान्यातून निघालेलं हत्यार. मी गोष्ट सांगितली, आणि त्यानंतर विकणाऱ्याने कानस घेऊन साल घासलं.

पत्राचं बिंग साताऱ्याहून अप्पाकाकांनी फोडलं. त्यांनी ट्रंकेतून पणजोबांचं पदक काढलं, कडेवर कोरलेली नंबर-पलटणीची अक्षरं भिंगाखाली धरून फोटो पाठवला आणि फोनवर म्हणाले, “अरे, हे वाच. नुसतं 117 आणि पुढे ‘महरट्टाज’. लाइट इन्फंट्री कुठाय?” खरंच नव्हतं. 103, 105 आणि 110 या पलटणींच्या नावात लाइट इन्फंट्री होतं. आमच्या 117 ला ते 1922 च्या फेररचनेत मिळालं. आणि त्या काळी इंग्रजीत ‘मराठा’ हा शब्द एच आणि दोन टी घालून लिहीत. 1919 च्या विधवेने मात्र नाव अगदी माझ्यासारखं, माझ्या चुकीसकट लिहिलं होतं.

विकणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं. मनी ऑर्डर पोस्टाची असल्याने दोन्ही फोटो आणि पत्रव्यवहार जोडून मी टपाल खात्याच्या तपास शाखेकडे तक्रार दिली आहे. पैसे आलेले नाहीत.

तुम्ही घेणार असाल तर आधी गप्प राहा. वस्तूबद्दल त्याला काय माहीत आहे ते त्याच्या तोंडून, लेखी येऊ द्या. गाव, पलटण, नाव, काही बोलू नका. जाहिरातीचे फोटो पहिल्याच दिवशी साठवून ठेवा. उघडलेल्या रिव्हॉल्व्हरचा, सिलिंडरच्या मागच्या बाजूचा, प्रत्येक ठशाचा जवळून फोटो मागा. तीन दिवसांत परत करण्याची मुभा लिहून घ्या, आणि दुकानात फॉर्मवर सही करण्याआधी जाणकाराला दाखवा. एकदा नावावर झालं की परत घ्यायला कुणी तयार होत नाही. कागदपत्र सोबत असेल तर घरच्या पदकाची कड आधी वाचा.

रिव्हॉल्व्हर कपाटात कुलपात आहे. पदकाचा फोटो मी छापून टेबलावर लावला आहे. कडेवरचा पणजोबांचा नंबर मला आता पाठ झाला आहे.