1,500 रुपयांची सूट मला 2,727 रुपये 45 पैशांना पडली

दिवाळीच्या पाडव्याला ठाण्यातल्या एका मोठ्या दुकानातून वॉशिंग मशीन घेतलं. किंमत 21,490. बिलाच्या रांगेत पाय ठेवायला जागा नव्हती. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "काकू, आमचं क्रेडिट कार्ड घ्या, 1,500 लगेच कमी. लाइफटाइम फ्री आहे, एक रुपया लागत नाही." 19,990 कार्डावर गेले. ते मी मुदतीआधी पूर्ण भरले. उधारी ठेवायची आमच्या घरात पद्धतच नाही.

मार्चअखेर सकाळी पावणेआठला वसुलीवाल्याचा फोन: "2,727 रुपये 45 पैसे थकलेत, आज भरणार का?" सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर वसुलीचा फोन करायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. असा फोन आला तर वेळेचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

थकबाकीत काय होतं? जॉइनिंग फी 499, जीएसटीसकट 588.82. ती थकली म्हणून तीन महिने लेट फी: 500, 600, 600. त्यावर जीएसटी 306. वर व्याज 112.40 आणि व्याजावर पुन्हा जीएसटी 20.23. थकलेले आकार मुद्दलात मिळवून त्यावर व्याज लावू नये, हाही रिझर्व्ह बँकेचा 2022 पासूनचा नियम आहे. लावलं तरी!

त्या दिवशीचा ओटीपीचा मेसेज अजून माझ्या फोनमध्ये आहे. वरच्या ओळीत जॉइनिंग फी 499 अधिक कर, खाली ओटीपी. मी खालचे सहा आकडे तेवढे वाचून दाखवले आणि त्याने ते टॅबवर टाकले. अकरा वर्षं सोसायटीची खजिनदार आहे मी, पावती जोडल्याशिवाय व्हाउचरवर सही करत नाही. आणि ती एक ओळ वाचली नाही! मागून लोक ढकलत होते, यांनी गाडी रस्त्यावरच उभी केली होती, सगळं खरं. तरी त्या ओळीला किती वेळ लागला असता? त्याच टॅबवर त्याने माझ्या ईमेलमधलं एक अक्षर गाळलं, म्हणून पुढची स्टेटमेंट मला मिळालीच नाहीत. एसएमएस येत होते, पण त्यात लिंक. अनोळखी लिंक उघडू नका, हे बँकाच शिकवतात ना?

ओटीपी वाचून दाखवू नका. टॅब हातात घ्या, स्वतः टाका. "फ्री" म्हणतात ते छापील दरपत्रकात दाखवायला सांगा.

कार्ड देणाऱ्या बँकेच्या कस्टमर केअरला सात फोन केले. दर वेळी नवी मुलगी, दर वेळी जन्मतारखेपासून सुरुवात. "सिस्टिममध्ये तुमची संमती दिसतेय, मॅडम." दुकान म्हणतं बँकेकडे जा. शाखेतला साहेब मान वर न करता म्हणाला, हे कार्ड आमच्या शाखेचं नाही. फोन ठेवून चार मिनिटं होत नाहीत तोच "आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे" असा मेसेज. कसलं निवारण? पोलीस चौकीत गेले तर हवालदार म्हणाले, "ओटीपी तुम्हीच दिलात ना? मग फसवणूक कसली?" त्या पोराने तोंडाने काय सांगितलं, ते कोणी विचारलंच नाही.

फोनवर वेळ घालवू नका, पहिल्याच दिवशी ईमेल करा. बँकेने तक्रार फेटाळली, उत्तराने समाधान झालं नाही किंवा 30 दिवसांत उत्तरच आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, आणि त्यासाठी आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली लागते.

मुलाच्या गृहकर्जाची फाइल बँकेत आहे. कर्जफेडीच्या नोंदीवरून ठरणारा सिबिल स्कोअर बिघडायला नको म्हणून 2,727.45 भरले आणि त्याच दिवशी कार्ड बंद करायचा ईमेल टाकला. थकबाकी नसताना सात कामाच्या दिवसांत बंद केलं नाही, तर पुढे रोज 500 रुपये त्यांनी ग्राहकाला द्यायचे असतात. आज अकरावा कामाचा दिवस, ॲपमध्ये कार्ड अजून चालूच आहे. चार दिवसांचे 2,000 रुपये मी आज लेखी मागितलेत.