स्पर्शदिव्यांचा संच: कबड्डीच्या सरावात वापरून पाहिलेला

चोपड्याच्या शाळेत मी मुलींची कबड्डी घेते. सहा दिव्यांचा हा संच त्यासाठीच मागवला. दिवा लागला की हात लावून विझवायचा, लागलेला वेळ मोबाइलवर दिसतो. एकेक दिवा लावून नुसती चपळाई मोजायची असेल तर पैसे घालू नका.

खरे पैसे वसूल होतात ते दोन दिव्यांच्या सरावात. भिंतीवर डावी-उजवीकडे दोन दिवे निळे लागतात. मुलीचा हात खालच्या तिसऱ्या दिव्यावर. हात उचलला की वरच्यांपैकी एक हिरवा होतो. सवड दिली की बहुतेकींचा हात दोन्हींच्या मधून निघतो आणि हिरवा दिसताच वळतो. वेळ कमी केला की त्याच मुली थेट एकावर झेपावतात, लागला तर लागला. आमची एक चढाईवाली म्हणाली, "मॅडम, हात मझार ठेवा का दोन्हीकडे जाता येस."

पोरीने नेमकं बोट ठेवलं. मेंदू दोन्हीकडच्या हालचाली तयार ठेवतो आणि हात त्यांच्या सरासरीने मधून जातो, असं बऱ्याच संशोधकांचं म्हणणं होतं. सिसेक आणि कलास्का यांनी 2005 मध्ये माकडांच्या मेंदूत दोन दिशांची तयारी एकाच वेळी चाललेली दाखवलीही होती. पण वाँग आणि हेथ यांनी 2017 मध्ये माणसांना वेगाने हात न्यायला लावलं, तेव्हा मधली वाट उरली नाही. सरासरी आपोआप निघत असती तर घाईतही निघाली असती! म्हणजे मधून जाणारा हात गोंधळलेला नसतो. वळायला वेळ मिळेल हे धरून आखलेली ती एकच चाल असते. म्हणून त्यावरून मुलींना कोणी ओरडू नये.

चढाईच्या 30 सेकंदांत हे फार कामाला येतं. सुरुवातीला मधला हात बचावातल्या दोघींना अडकवून ठेवतो. साखळी आवळू लागली की थेट एकाच गड्यावर हात टाकायचा. दोन्हींचा सराव वेगवेगळा घ्यावा लागतो, आणि या संचात तो घेता येतो.

उणिवा आहेत. एप्रिल-मेच्या उन्हात निळा की हिरवा कळतच नाही, त्यामुळे सराव शेडखाली किंवा सांजच्याला. मागची चिकटपट्टी आमच्या काळ्या मातीच्या धुळीने लगेच सुटली. वेल्क्रो लावल्यावर नीट बसले. चार्जिंग मात्र भरपूर टिकतं.

घेताना हात उचलल्यावर रंग बदलण्याची सोय आहे का, ते दुकानदाराला आधी विचारा. नसेल तर घेऊ नका.