पेव्हर ब्लॉकच्या कोटेशनमधला ‘ब्रास’

नाशिकला पाथर्डी फाट्याकडचा बंगला, अंगण 20 बाय 30 फूट. घरमालकांनी ब्लॉकच्या भावावरून भरपूर घासाघीस केली, फुटामागे दोन रुपये कमी करून घेतले आणि कोटेशनवर सही केली. त्यांना गंडवलं ते भावाखालच्या चार ओळींनी. पहिल्याच पावसाळ्यात गेटपाशी गाडीच्या चाकांच्या रेषेत ब्लॉक दबले आणि पाणी साचू लागलं.

पहिली ओळ: ‘ब्लॉक बसवणे 6 ब्रास, मुरूम 6 ब्रास.’ वाचताना हिशेब जुळल्यासारखा वाटतो, आणि मेख तिथेच आहे. फरशी-ब्लॉकचा ब्रास म्हणजे 100 चौरस फूट. मुरूम, खडी, वाळूचा ब्रास म्हणजे 100 घनफूट. बोलताना दोन्हींना नुसतं ब्रासच म्हणतात.

खरं माप असं निघतं. 600 चौरस फुटांतून भिंतीकडेचा 3 बाय 20 चा झाडांचा वाफा आणि 4 बाय 4 चं तुळशी वृंदावन वजा केलं की उरतात 524. ब्लॉकखाली मुरूम दाबून 6 इंच हवा, म्हणजे 262 घनफूट. सुटा माल दाबल्यावर बसतो, म्हणून त्यावर 25 टक्के धरा: साधारण 327 घनफूट, सव्वातीन ब्रास. सहा कुठून आले? शिवाय प्रत्यक्षात चारच ट्रॉल्या पडल्या. ट्रॉली आतून 10 बाय 5 बाय दीड फूट, म्हणजे काठोकाठ 75 घनफूट, आणि बिलात तिला दीड ब्रास लावलेला! ट्रॉली खाली व्हायच्या आधी आतून टेप लावायला दोन मिनिटं लागतात. वरचा ढिगारा बघून अंदाज करू नका. क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू, ओलसर असेल तर ती आणखी फुगते. कोरडी झाली की तीच ट्रॉली कमी भरते.

ब्लॉकची संख्या बघा. 200 बाय 100 मिलिमीटरचा ब्लॉक चौरस फुटाला 4.65 लागतो. 524 फुटांना 2,437, तुटफूट 5 टक्के धरून 2,560. ठेकेदाराने वाफा, वृंदावन काहीच वजा न करता वर 15 टक्के लावले: 3,208. सरळ ओळीच्या मांडणीला एवढी तूट नसते. तिरक्या, 45 अंशांच्या मांडणीत कडेचे काप वाढतात, तिथेही 10 टक्के पुरतात. उरलेले ब्लॉक काम संपल्यावर ठेकेदाराच्याच टेम्पोत चढले.

कर्बची, म्हणजे ब्लॉक सरकू नयेत म्हणून कडेला लावायच्या पट्टीची ओळ ‘100 रनिंग फूट’. अंगणाचा घेर तेवढाच आहे, खरं आहे. पण घराची आणि कंपाउंडची भिंत असेल तिथे ब्लॉक भिंतच अडवते. कर्ब लागतो मोकळ्या कडेला: वाफ्याचे 20 आणि गेटचे 10, एकूण 30.

सगळ्यात वाईट प्रकार मात्र दिसत नाही. गेटपाशी तीन ब्लॉक उचलले तर खाली 3 इंच क्रश सँड, तिच्याखाली पाऊण बोटाचा मुरूम आणि मग थेट काळी माती. बिलात 3 ब्रास खडी होती, खड्ड्यात एकही नाही. काळी माती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात आकसते; तिच्यावर किमान दाबलेला मुरूम आणि 4 इंच खडी नसेल तर गाडीचं वजन झेपत नाही. वाळूचा थर दीड इंचाहून जाड का केला? खालची लेव्हल न करता खड्डे वाळूने भरले म्हणून. जाड वाळू चाकाखाली सरकते आणि ब्लॉक खचतो. वरून प्लेट कॉम्पॅक्टर (थर दाबायचं मशीन) कितीही फिरवा, उपयोग शून्य.

ब्लॉकही 60 मिलिमीटर लिहून 50 चे टाकले होते. बसवल्यावर वरून फरक कळत नाही. 60 चा सुका ब्लॉक साधारण 2.8 ते 2.9 किलो भरतो, 50 चा 2.4. ब्लॉकची गाडी उतरवताना दहा ब्लॉक किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवा आणि जाडी पट्टीने मोजा. गाडी उभी राहणार असेल तर 60 च्या खाली जाऊ नका. पायवाटेला 50 चालतो.

कोटेशनवर चार गोष्टी लिहून घ्या: प्रत्येक थराची दाबल्यानंतरची जाडी इंचात, ब्लॉकची जाडी, ढाळ (10 फुटांना अडीच इंच, घराकडून बाहेर) आणि ‘बिल प्रत्यक्ष मापाप्रमाणे’. मुरूम दाबून झाला की सळई ठोकून खोली मोजायची, मग खडी. खडी बसली की पुन्हा. त्याआधी पुढचा हप्ता नाही. ठेकेदार घाईत ‘उद्या ब्लॉक टाकू’ म्हणत असेल तर समजा खडीची ट्रॉली येणार नाही.

दुरुस्तीला सगळं अंगण उखडावं लागलं नाही. गेटचा 10 बाय 8 चा तुकडा, म्हणजे साधारण 370 ब्लॉक उचलून 14 इंच खणलं, मुरूम नव्याने दाबला, त्यावर 33 घनफूट खडी आणि दीड इंच वाळू टाकली. तिथे 60 चे नवे ब्लॉक बसले, जुने 50 चे मागच्या पायवाटेला गेले.