युनिव्हर्सल सीटॅग्ज पावसाळाभर वापरल्यावर: सगळं छान, मॅक्रो येईपर्यंत

युनिव्हर्सल सीटॅग्ज म्हणजे कोडमधल्या फंक्शनांच्या नावांची यादी (टॅग्ज) बनवणारं टूल, त्यावरून एडिटर थेट व्याख्येवर उडी मारतो. फुकट आहे, ८ जीबीच्या जुन्या लॅपटॉपवर पळतं, नेट नसलं तरी अडत नाही. रत्नागिरीत पावसात घरून काम करणाऱ्याला आणखी काय हवं? पण मासेमारीची बंदी उठली त्या आठवड्यात डोकं फिरलं.

मिरकरवाडा बंदराजवळच्या एका बर्फाच्या कारखान्याचा कंट्रोलर. कोड सीमधला, आमच्या आधीच्या कुणीतरी लिहिलेला. लाइट जाऊन आली की कॉम्प्रेसर परत सुरूच होईना. मालक फोनवर, "काय रे, सापडलं का? होड्या उभ्या हत." लॉगमध्ये नाव स्पष्ट दिसतंय: कॉम्प_रीस्टार्ट_हँडलर. विम एडिटरमध्ये त्यावर उडी मारायला गेलो, तर एरर ई४२६, असा टॅगच नाही. ग्रेपने सगळ्या फाइलींत मजकूर शोधला, व्याख्या कुठेच नाही. असणार कशी? हे अख्खं नाव कुणी टाइपच केलेलं नाही. एका फाइलीत 'हँडलर(कॉम्प_रीस्टार्ट)' एवढीच ओळ, आणि मागचा तुकडा मॅक्रो (एका नावाच्या जागी ठरलेला कोड भरणारा शॉर्टकट) दोन हॅश वापरून जोडतो, तोही कंपाइल होताना. सीटॅग्ज मात्र कंपायलरसारखं हेडर (मॅक्रोच्या व्याख्या असलेली वेगळी फाइल) उघडून मॅक्रो उलगडत बसत नाही, समोरची फाइल दिसते तशी वाचतं. म्हणून त्याच्या यादीत 'हँडलर' नावाची फंक्शनं ढिगानं, हवं ते एकही नाही.

लिनक्स कर्नलची, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचीही हीच रड. सिस_ओपन शोधायला जावं, तर सोर्समध्ये असतं सिसकॉल_डिफाइन३(ओपन, ...). त्यांनी आपल्या टॅग्ज.एसएच स्क्रिप्टमध्ये अशा मॅक्रोंसाठी रेजेक्सच (शोधाचे नमुने) लिहून ठेवलेत.

वैतागून क्लँगडी लावलं, क्लँग कंपायलरवर चालणारं, व्याख्येवर नेणारं दुसरं टूल. पहिले दोन दिवस खूश! ते कंपायलरच्या डोळ्यांनी वाचतं, मॅक्रोवर कर्सर नेला की उलगडून दाखवतं. पण त्याला कुठली फाइल कशी कंपाइल होते त्या कमांडची जेसन फाइल लागते. आमचं सगळं मेकफाइलवर (बिल्डच्या सूचनांची फाइल), म्हणजे ती जेसन बनवणारं बेअर बसवा, क्रॉस कंपायलर (दुसऱ्या प्रोसेसरसाठी कोड बनवणारा) असेल तर क्वेरी-ड्रायव्हर हा पर्याय द्या. इंडेक्सिंग सुरू झालं की पंखा असा घोंघावतो की इन्व्हर्टरवर काम करताना धडकीच भरते. शिवाय आमचे बोर्ड दोन, इफडेफने (अट जुळली तरच कोड घेणारी ओळ) वेगळे केलेले. ज्याचा बिल्ड दिला तेवढाच कोड कळतो, दुसऱ्या बोर्डाचा करडा पडून राहतो. आणि बिघडलेला नेमका दुसरा.

मग सीटॅग्जचं मॅन पेज, म्हणजे माहितीपुस्तिका, नीट वाचलं. युनिव्हर्सलमध्ये मायनस कॅपिटल डी हा पर्याय आहे, जीसीसी कंपायलरसारखाच. मॅक्रोची व्याख्या तिथे दिली की ते स्वतः उलगडतं, दोन हॅशसकट. एक ओळ, आणि सगळे हँडलर आपापल्या नावाने हजर. एवढं मोठं काम असं कोपऱ्यात का लपवतात कोण जाणे. आणखी एक खोडी: जुन्या एक्झुबरंट सीटॅग्जची (याचाच पूर्वज) होम फोल्डरमधली डॉट सीटॅग्ज ही सेटिंगची फाइल युनिव्हर्सल वाचत नाही. डॉट सीटॅग्ज डॉट डी नावाचा फोल्डर करून त्यात ठेवावी लागते.

साडेतीन तारे. नवा मॅक्रो आला की तो हाताने लिहायचा, हेडर बदललं की पुन्हा तेच, म्हणून दीड कापला. नवा लॅपटॉप घेईपर्यंत हेच चालवणार, आणि तो काय या दिवाळीला येत नाही.