आधी रोम ऐकावं की कार्लिन?

घरात बसून एकट्याने केलेले इंग्रजी इतिहास-पॉडकास्ट ऐकायचे म्हटलं की तीन नावं हमखास पुढे येतात: माइक डंकनचा 'द हिस्ट्री ऑफ रोम', डॅन कार्लिनचा 'हार्डकोर हिस्टरी' आणि डेव्हिड क्राउदरचा 'द हिस्ट्री ऑफ इंग्लंड'. तिघंही प्राध्यापक नाहीत. भरपूर वाचायचं आणि मग मायक्रोफोनसमोर बसून सांगायचं, एवढाच त्यांचा कारभार.

डंकनने 2007 मध्ये सुरुवात केली आणि 2012 मध्ये पश्चिम रोमन साम्राज्याच्या अस्तापाशी, म्हणजे इ.स. 476 ला, मालिका थांबवली. भाग 179. सुरुवातीचे दहा-पंधरा मिनिटांचे, त्यामुळे भांडी घासता घासता एक सहज संपतो. त्या भागांचा आवाज मात्र यथातथाच आहे आणि वाचनही थोडं सपाट. तरी मला तोच सर्वांत जास्त आवडतो. रोम वसवणाऱ्या रोम्युलसची दंतकथा सांगताना ती दंतकथा आहे हे तो लपवत नाही, आणि मधूनच इतक्या कोरड्या स्वरात टोमणा मारतो की तो कळायला एक सेकंद लागतो. सुरुवातीच्या राजांचा कंटाळा आला तर खुशाल पहिल्या प्युनिक युद्धावर (रोम विरुद्ध कार्थेज) उडी मारा, फार काही चुकत नाही.

कार्लिन अगदी उलट टोकाचा. हा मूळचा रेडिओवाला, त्यामुळे आवाजावर त्याची हुकमत आहे. भाग कित्येकदा तीन-चार तासांचे आणि दोन भागांमध्ये महिनोन्‌महिने जातात. पहिल्या महायुद्धावरची 'ब्लूप्रिंट फॉर आर्मागेडन' ही सहा भागांची मालिका 2013 ते 2015 अशी येत राहिली. आपण इतिहासकार नाही, हे तो वारंवार बजावतो. पुस्तकातला उतारा वाचताना आधी 'कोट' आणि शेवटी 'एंड कोट' म्हणतो, त्यामुळे कुठलं वाक्य कुणाचं हे कळतं. ही सवय सगळ्यांनीच उचलावी. पण रक्त-मांस-चिखल यांत तो फार रमतो. रात्री झोपण्यापूर्वी ऐकू नये. आणखी एक, जुने भाग कालांतराने विकत घ्यावे लागतात.

क्राउदर 2010 पासून आपल्या बागेतल्या शेडमधून बोलतोय. सभासदांसाठीच्या जादा भागांना त्याने 'शेडकास्ट' असंच नाव दिलंय. चाल संथ, विनोद अस्सल इंग्लिश, आणि राजांसोबत सामान्य माणसांचं जगणंही भरपूर. राजवंशांची गुंतागुंत आवडत असेल तरच इथे टिकाल.

तर निवड कशी करायची? रोज अर्धा तास मिळत असेल आणि गोष्ट सलग पुढे जायला हवी असेल, तर डंकन. मुंबई-नागपूरसारखा रात्रभराचा प्रवास असेल तर कार्लिनचा एखादा लांबलचक भाग. क्राउदर तिसऱ्या क्रमांकावर, पण इंग्लंडचं वेड असलेल्या माणसाने माझं ऐकू नये.

रोमने पकड घेतली तर पुढे दोन वाटा आहेत. रॉबिन पिअरसनचा 'द हिस्ट्री ऑफ बायझँटियम', म्हणजे मागे उरलेल्या पूर्व रोमन साम्राज्याची गोष्ट, जिथे डंकन थांबला तिथूनच उचलतो. दुसरी वाट म्हणजे खुद्द डंकनची, वेगवेगळ्या क्रांत्यांवरची 'रेव्होल्यूशन्स'. तिथे एकदम फ्रेंच राज्यक्रांतीच्या तिसऱ्या सीझनपासून सुरू केलं तरी चालतं. मात्र त्याला जोडूनच हैतीचा, म्हणजे तेव्हाच्या फ्रेंच वसाहतीचा, चौथा ऐका. गुलामांनी उठाव करून देश उभा केला, ही हकीकत आपल्या शाळेच्या पुस्तकात मला तरी कधी भेटली नाही.