लंगडणारं मांजर आणि विश्रामबागचा दवाखाना

सांगलीत विश्रामबागच्या या दवाखान्यात लंगडणारं मांजर आणलं की लगेच पाय चाचपत नाहीत. आधी दार लावून त्याला फरशीवर सोडतात. टेबलावर घाबरलेलं मांजर नुसतं दबून बसतं, लंगडणं दिसतच नाही. घरी काढलेला चालण्याचा व्हिडिओ असेल तर उत्तमच. मग तपासणी पंजापासून वर: पंजाच्या गादीत वळून घुसलेलं नख (म्हाताऱ्या मांजरांत बरेचदा), बोटांमधली काच, मग सांधे. दुखरा पाय सगळ्यात शेवटी.

भांडखोर बोक्यांना उगाच एक्स-रेला धाडत नाहीत, हे विशेष. सुळा लागला की वरचं भोक लवकर मिटतं, आत पू साठतो आणि दोन-चार दिवसांनी पाय सुजून गरम लागतो. ताप १०२.५ अंश फॅरनहाइटच्या वर. केस कातरून, गळू फोडून, सलाइनने धुऊन अँटिबायोटिक देतात. जखम शिवत नाहीत, ते बरोबरच. पू वाहायला वाट हवी. एक्स-रे लागलाच तर दोन बाजूंनी काढतात, एकाच फिल्मवर बारीक चीर निसटते.

चिठ्ठी मात्र घाईत खरडलेली. मात्रा वजनावर ठरते, ती नीट विचारून घ्या. घरची पॅरासिटामॉल अजिबात नको. मांजराच्या यकृताला तिचा निचरा जमत नाही, अर्धी गोळीही जीव घेऊ शकते.

संध्याकाळी रांग असते. पण मागचे पाय एकाएकी लुळे, गार, गाद्या निळसर आणि मांजर ओरडतंय, तर रक्ताच्या गुठळीची शंका घ्या आणि रांग सोडून थेट आत जा.